मंडळात माझ्यासाठी जागा आहे का? सोलापुरातल्या हायस्कूलच्या मंडळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडली की पुढचा महिनाभर हे प्रश्न येत राहतात. काही पालकसभेत येतात, काही स्टाफरूमच्या दारात, काही दुसऱ्या शाळेतल्या सहकाऱ्यांच्या फोनवर. मुलांचे प्रश्न मात्र बहुतेक जिन्यात येतात, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघून. आठवी ते बारावीच्या मुलांची मंडळं चालवताना जे जमलं आणि जे फसलं, त्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत.

क्लब म्हणायचं की मंडळ?

काहीही म्हणा. फक्त सोलापुरात "मंडळ" हा शब्द घरी पोचतो तेव्हा काय ऐकू जातं ते ध्यानात ठेवा. इथं मंडळ म्हणजे गणपतीचं, जयंतीचं, लेझीमचं. आमच्याकडच्या एका मुलीनं घरी सांगितलं, "मी मंडळात नाव घातलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी वडील शाळेत हजर. वर्गणी किती, आणि मिरवणुकीत मुलींचं काय काम, असे दोन प्रश्न घेऊन. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून घरी जाणाऱ्या पहिल्या चिठ्ठीत आम्ही लिहितो: वर्गणी नाही, मिरवणूक नाही, शाळेच्या वेळात, शाळेच्याच खोलीत.

मंडळाचं नाव मुलांनाच ठेवू द्या. आमच्या पक्षी बघणाऱ्यांनी "टिटवी गँग" ठेवलं होतं. मुख्याध्यापकांनी "गँग"ला हरकत घेतली, "टिटवी" तेवढी राहिली.

स्नेहसंमेलन आहे, विज्ञान प्रदर्शन आहे, वक्तृत्व स्पर्धा आहेत. वेगळी मंडळं कशाला?

मागच्या तीन वर्षांच्या या सगळ्या कार्यक्रमांच्या याद्या काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. तीच ती पंधरा-वीस नावं दिसतील. सूत्रसंचालन करणारी मुलगी तीच, प्रदर्शनात प्रकल्प मांडणारी तीच, निबंधात पहिली तीच. तिचं कौतुक व्हायलाच हवं, पण साठ जणांच्या वर्गातली उरलेली मुलं वर्षभर टाळ्या वाजवायलाच बसलेली असतात.

स्पर्धेत आधी गुण दाखवावा लागतो, मग जागा मिळते. मंडळात जागा आधी. गुण पुढं दिसला तर दिसला, नाही दिसला तरी मुलगा तिथं बसलेला असतो आणि त्याला कुणी उठवत नाही. मला विचाराल तर सगळा फरक एवढाच आहे.

नवीन आलेली मुलं नेमकी कुठं अडतात?

वर्गात नाही अडत. वर्गात बाक ठरलेला असतो, हजेरीत नाव असतं, सर समोर असतात. अडतात ती मधल्या सुट्टीत. घंटा झाली की पाच मिनिटांत पटांगणावर घोळके होतात, आणि डबा हातात धरून कुठं जायचं हे ठरवायला नव्या मुलाला फार थोडा वेळ मिळतो. मग तो पाण्याच्या टाकीकडं जातो, हात धुतो, परत धुतो. डबा वर्गातच खाऊन टाकतो. लायब्ररीत जातो. आठवीत आलेली मुलं पहिल्या पंधरवड्यात लायब्ररीत बरीच दिसतात. ती सगळी वाचनवेडी असतात असं मी पूर्वी समजत होतो.

सोलापुरात ही मुलं तीन वाटांनी येतात. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवीला. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू माध्यमातून मराठी किंवा इंग्रजी माध्यमात. आणि अकरावीला मोहोळ, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या गावांतून, एसटीनं. तिसऱ्या वाटेच्या मुलांचे हाल जास्त, कारण अकरावीचे प्रवेश फेऱ्या-फेऱ्यांनी लांबतात. जुलैत मंडळं भरतात, जोड्या जमतात, आणि हा मुलगा ऑगस्टमध्ये येतो. म्हणून नावनोंदणी एकदा करून फाईल बंद करू नका. आम्ही जुलैत एकदा घेतो, सगळ्या फेऱ्या संपल्यावर पुन्हा घेतो, आणि त्या दुसऱ्या वेळेसाठी प्रत्येक मंडळात चार जागा मुद्दाम मोकळ्या ठेवतो.

माझी मुलगी घरी तेलुगू बोलते. मराठी बोलताना अडखळते, मुलं हसतात. मंडळात तिचा निभाव लागेल का?

लागेल, पण आपोआप नाही. शिक्षकाला त्यासाठी थोडं काम करावं लागतं.

आधी हे बघा की ही एकट्या मुलीची अडचण नाही. शहराच्या पूर्वभागात घराघरांत तेलुगू आहे. अक्कलकोटकडच्या मुलांच्या तोंडी कन्नड, शहरात दख्खनी उर्दू, आणि या सगळ्यांच्या मधोमध "काय बे" म्हणणारी आपली सोलापुरी मराठी, जिला पुण्याहून आलेले पाहुणे हसतातच. हसणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो: तुझ्या मराठीला कोण कोण हसतं ते माहितीये का?

आमच्या एका चुकीची गोष्ट सांगतो. मंडळाच्या दारावर चार भाषांत "या" लिहायचं ठरलं. चांगली कल्पना, उत्साहानं पाटी रंगवली. तेलुगूतलं आदरार्थी "या" देवनागरीत लिहिलं की मराठी-हिंदी कानाला शिवीसारखं वाटतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. दिवसभर दारात खिदळणं चाललं. ज्या मुलीनं तो शब्द सांगितला होता, ती दोन दिवस शाळेत आली नाही. पाटी खाली उतरवली असती तर शब्दच वाईट ठरला असता. म्हणून ती तशीच ठेवली, आणि परिपाठात त्या मुलीच्या आजीला बोलावलं. आजी पाच मिनिटं बोलल्या. सुनेला, जावयाला, दारी आलेल्या पाहुण्याला आम्ही असंच बोलावतो म्हणाल्या, आणि समोरच्या सगळ्या पोरांना त्याच शब्दानं घरी बोलावलं. आठवड्याभरात खिदळणं बंद झालं. एखाद-दुसरा अजून हसतो. ते चालायचंच.

रोजच्या व्यवहारात तीन गोष्टी उपयोगी पडतात. बैठकीत आधी दोघादोघांत बोलू द्यावं, मग सगळ्यांसमोर. दोघांत भाषा कुठलीही चालते. नोंदवहीत चित्र काढलं तरी नोंद धरावी. आणि पहिले दोन महिने कुणाचंही मराठी, इंग्रजी, काहीही चारचौघांत सुधारू नये. ते मराठीच्या तासाला करावं.

मोठ्या मुलांशी बोलताना डॉ. कोटणीसांचं उदाहरण मी देतो. १९१० साली याच गावात जन्मलेला माणूस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथली भाषा शिकला, त्याच भाषेत शिकवू लागला. पहिल्या दिवशी ते चिनी भाषेत किती अडखळले असतील, एवढंच विचारतो. पुढचं पोरं आपापसांत बोलतात.

कुठली मंडळं काढावीत? आम्ही सहा ठरवलीत: विज्ञान, वाङ्मय, क्रीडा, चित्रकला, संगीत, पर्यावरण.

यादी ठीक आहे, पण ती बहुतेक शाळांच्या माहितीपत्रकात असतेच आणि कागदावरच राहते. विषयाच्या नावावरून मंडळ काढलं की त्या विषयात ज्याला मार्क, तोच येतो. त्यापेक्षा हाताला काय काम मिळेल त्यावरून काढा. आमच्याकडं टिकलेली मंडळं सांगतो.

पहिलं ताणाबाणा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे प्रत्येक पोराला पाठ असतं, पण चादरीवर मोर उमटतो कसा ते विचारा. उभा धागा ताणा, आडवा बाणा, आणि नक्षीसाठी मागावर बसवलेलं जकार्ड यंत्र. जुन्या जकार्डला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. बाण्याच्या एकेका फेरीला एकेक कार्ड. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डनं हे यंत्र उभं केलं, आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी भोकाच्या कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. म्हणजे भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य.

हे आधी आम्ही संगणकाच्या तासाला शिकवायचो आणि मुलं जांभया द्यायची. मग नववीतला एक मुलगा उठला. वडील यंत्रमागावर. त्यानं फळ्यावर चौकडी काढली आणि बाप घरी नक्षी कशी मोजतो ते दाखवलं. एरवी गणितात काठावर पास होणारा पोरगा चाळीस चौकटी तोंडी मोजत होता, आणि संगणकाचे सर खाली बसून वहीत उतरवून घेत होते. त्या दिवसापासून ते मंडळ त्याचं झालं. आलेख कागदावर नक्षी काढायची, चौकट भरली की एक, रिकामी की शून्य, तेच आकडे मग संगणकात टाकायचे. कारखान्यातून उरलेलं सूत फुकट मिळतं.

टिटवी मंडळ सिद्धेश्वर तलावावर आणि संभाजी तलावावर जातं. वंचक, खंड्या, पाणकावळा, वेडा राघू, एवढे पहिल्या दिवशीच दिसतात. यात बोलायला लागत नाही, उलट गप्प बसणाऱ्याला जास्त दिसतं. सहल वर्षातून एकदा, नान्नजला. माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य झालं ते हेच. माळढोक दिसेल असं मुलांना कबूल करू नका, तो आता फार दुर्मीळ आहे. चंडोल, टिटव्या आणि नशीब असेल तर काळवीट, एवढंच सांगा.

बाकीची पटकन: दुरुस्ती मंडळ (सायकल, पंखा, दप्तराची चेन), आजीच्या गोष्टी जमवणारं मंडळ, रांगोळी आणि फलकलेखन, कॅरम-बुद्धिबळ. कॅरमला काही सहकारी नाकं मुरडतात. मुरडू द्या. चार जणांना समोरासमोर बसवणारी त्याहून स्वस्त गोष्ट मला अजून सापडलेली नाही.

प्रवेशासाठी चाचणी घ्यायची का? सगळ्यांना घेतलं तर गर्दी होते.

चाचणी नको. गर्दी झाली तर मंडळाचे दोन गट करा, दोन आठवड्यांनी आलटून पालटून बोलवा. तेही जमत नसेल तर चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत नाव निघालं नाही तर पोर नशिबाला बोल लावतं. चाचणीत गळलं तर स्वतःला लावतं.

गाण्याच्या मंडळात हे अवघड जातं, मान्य आहे. बेसूर गळ्याचं काय करायचं, असं संगीताच्या मॅडमनी मला विचारलं होतं. ताल धरायला द्या, साउंड सांभाळायला द्या, गाण्यांची वही लिहायला द्या, असं म्हणालो. त्यांनी तसं केलं. वहीवाल्या मुलाला नंतर थोडं गायचंही होतं, तेव्हा कोरसमध्ये मागच्या रांगेत उभं केलं. आभाळ कोसळलं नाही.

पहिल्या बैठकीत काय करावं?

"एकेकानं उभं राहून आपली ओळख करून द्या" एवढं सोडून काहीही. बुजऱ्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्या कुणाचंही नाव ऐकू येत नाही. तो आपलं वाक्य मनात घोकत असतो.

आम्ही आल्या आल्या काम देतो. बाकं सरकवायची, दोरा गुंडाळायचा, कागद कापायचे. हात चालू झाले की तोंडं आपोआप चालू होतात. शेवटच्या दहा मिनिटांत फक्त एवढंच: शेजारी कोण बसलं होतं, त्याचं नाव काय.

आणि प्रत्येकाला एक काम नेमून देऊन सोडायचं. हे काम असं असावं की ते पोर आलं नाही तर सगळ्यांचं अडेल. कपाटाची किल्ली, हजेरीची वही, दुर्बीण पुसून ठेवणं, खडूचा डबा. "सदस्य" म्हणून नाव घातलेलं मूल गैरहजर राहिलं तर कुणाला पत्ता लागत नाही. किल्लीवालं मूल आलं नाही की वीस जण विचारतात, "अरे तो कुठाय?" आठवीत आलेला एक मुलगा जुलैभर कुणाशी बोलला नव्हता. त्याच्याकडं ताणाबाणाच्या कपाटाची किल्ली दिली. ऑगस्टमध्ये त्याला ताप आला तर संध्याकाळी चार पोरं सायकलवर त्याच्या घरी. किल्ली मागायला गेली होती, पण आईनं चहा केला, आणि मग बसलीच. दुसरी किल्ली शिपाईमामांकडं कायम असते. हे मुलांना सांगत नाही. हे पान मुलंही वाचतात, तेव्हा आता सांगितल्यासारखंच झालं.

वेळ कुठली ठेवावी? शाळा सुटल्यावर बरी ना?

नाही. शाळा सुटल्यावर मंडळ ठेवलं की कोण थांबतं ते बघा. ज्याचं घर जवळ आहे, ज्याला न्यायला गाडी येते, ज्याला घरी काम नाही. गावाकडच्या मुलांची एसटी ठरलेली असते आणि ती चुकली की पुढची अंधारात. बऱ्याच मुलींना घरी जाऊन धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं. ज्यांच्या आया विड्या वळतात, त्या घरांत संध्याकाळी पानं कातरून ठेवायला हात लागतात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण घड्याळ लावताना ते नाहीच असं समजून चालत नाही. पहिल्या वर्षी आम्ही सुटल्यानंतर मंडळ ठेवलं, आणि सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या मंडळात एक-दोन कॉलन्यांतलीच मुलं जमली. पुढच्या वर्षी वेळ बदलली.

आता बुधवारी चौथ्या तासानंतर, सगळ्या शाळेचं एकाच वेळी. वेळापत्रकात लिहिलेलं. एक तास कुठून काढायचा यावर स्टाफरूममध्ये दोन बैठका झाल्या. कार्यानुभव आणि कलेचे तास जोडून तो निघाला. मार्चपासून ऊन तापतं, शाळा सकाळची होते, तेव्हा मंडळं फेब्रुवारीतच आवरती घ्यावीत. एप्रिलच्या बेचाळीस अंशांत टिटवीसुद्धा सावली शोधते.

खर्च किती येतो? फी घ्यावी का?

फी घेऊ नये. वीस रुपयेसुद्धा नको. वीस रुपये घरात नसतात असं नाही, पण मागायला लाज वाटते, आणि मूल सांगतं "मला आवडत नाही ते मंडळ." टीशर्ट, बॅज, फलक, यातलं काही लागत नाही. दुर्बिणी दोन पुरतात. पालकांना काही द्यायचंच असेल तर त्यांच्या धंद्यातलं उरलंसुरलं द्यावं: सूत, पुठ्ठे, एका बाजूनं कोरे कागद, सायकलच्या दुकानातले जुने ट्यूब.

मुलीला आम्ही मंडळात पाठवणार नाही. शिक्षण पुरे आहे.

असं म्हणणाऱ्या पालकांशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही. बोलावणं पाठवून जिंकलोय. "एकदा येऊन बघा, मागं खुर्ची ठेवतो." आई येते. खोलीचं दार उघडं आहे, मॅडम आहेत, वेळ शाळेचीच आहे, हे ती बघते. एका आईनं तर दुरुस्ती मंडळात बसून शिलाई मशीनची शटल कशी बसवायची ते सगळ्यांना दाखवलं, मुलगेही त्यात आले. मुलींसाठी वेगळं मंडळ काढावं का, हेही विचारतात. सुरुवातीला कुणाला तेच सोपं वाटत असेल तर काढा, पण रांगोळी मुलींना आणि दुरुस्ती मुलांना अशी वाटणी होऊ देऊ नका. ती होतेच, लक्ष ठेवावं लागतं.

दिव्यांग विद्यार्थ्यांचं काय? आमच्याकडं विशेष शिक्षक नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजलेत. त्यातले बरेचसे बघून कळत नाहीत. वाचता-लिहिताना अक्षरांत अडखळणारा मुलगा "आळशी" म्हणून वर्षानुवर्षं ओरडा खातो. तेव्हा आधी अंदाज बांधणं सोडा आणि मुलालाच विचारा, "तुला काय सोयीचं पडेल?" कुबड्या घेऊन येणाऱ्या एका मुलीसाठी आम्ही मोठा विचार करून तिला हजेरीचं काम दिलं, बसून करता येईल म्हणून. तिला तलावावर जायचं होतं. तिनं ते तीन महिन्यांनी सांगितलं. तीन महिने आम्ही स्वतःवर खूश होतो.

खोली तळमजल्यावर घ्या. जिना चढून जायचं मंडळ काही मुलांसाठी बंदच असतं. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला खिडकीकडं पाठ करून बसवू नका म्हणण्यापेक्षा, बोलणाऱ्यानं खिडकीकडं पाठ करू नये, म्हणजे त्याचा चेहरा आणि ओठ उजेडात दिसतात.

मुलगा मंडळात जातो, पण तिथंही गप्पच बसतो. उपयोग काय?

गप्प बसण्याची जागा मिळाली हाही उपयोग आहे. तो दर बुधवारी येतोय ना? मग घाई करू नका. येणं बंद झालं, जेवण-झोप बिघडली, शाळेच्या नावानं पोटात दुखायला लागलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा वर्गशिक्षकांशी बोला, आणि गरज वाटली तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

चिडवाचिडवी, टोपणनावं, जातीवरून बोलणं, हे मंडळात झालं तर?

होतं. मंडळ म्हणजे देऊळ नव्हे. टोपणनावाबाबत आमचा नियम सोपा आहे: ज्याला हाक मारायची त्याला ते आवडत असेल तर चालेल, आणि आवडतं का हे चारचौघांत विचारायचं नाही, कारण चारचौघांत सगळे हसून "हो" म्हणतात. डब्यावरून कुणी काही बोललं तर तिथल्या तिथं थांबवतो. जात, धर्म, अंगाचा रंग, आईबापाचा धंदा, यावरून बोलणं झालं तर दोन्ही घरी कळवतो आणि मुख्याध्यापकांकडं लेखी नोंद करतो. "मुलं आहेत, चालायचंच" हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये बरंच ऐकू यायचं, माझ्याही तोंडून. ज्या मुलाला बोललं गेलं त्याच्या तोंडून ते कधी आलं नाही.

अंगाला हात लावणं, मोबाईलवर फोटो फिरवणं, धमकी, हे शिक्षकानं परस्पर मिटवायचे विषय नाहीत. शाळेची तक्रार पेटी आहे, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. हे क्रमांक मंडळाच्या खोलीत मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. आमच्याकडं ते बरेच दिवस पंख्याच्या वर होते.

दहावीचं वर्ष आहे. मंडळ बंद करावं का?

आमचा सल्ला आहे की बुधवारचा एक तास राहू द्या. क्लास, शाळा, परत क्लास या चरकात एवढी एकच मोकळी जागा उरते. चित्रकलेच्या मुलांना ग्रेड परीक्षेचे वाढीव गुणही मिळतात, पण त्यासाठी मंडळात राहा असं मी सांगत नाही. सांगितलं तर पालक लगेच तयार होतात, मंडळाचाही क्लास होतो आणि ती मोकळी जागा जाते. डिसेंबरनंतर दहावी-बारावीला हजेरी ऐच्छिक.

जानेवारीत मंडळ ओस पडतं. काय करावं?

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत ओस पडणारच. मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे सात नंदीध्वज, उभे राहायचे असतात, कित्येक घरांतली पोरं आधीपासून सरावाला जातात. तसंच गणपतीच्या आधी लेझीमच्या सरावाचं. गैरहजेरी लावण्याऐवजी आम्ही एका वर्षी नंदीध्वजाच्या सरावाला जाणाऱ्या मुलालाच विचारलं, एवढी उंच काठी तोल जाऊ न देता कशी पेलतात? त्यानं अंगात घालायच्या बाराबंदीची गाठ कशी मारतात इथपासून सांगायला सुरुवात केली. तास संपला, मुलं हलेनात. मात्र सगळी मुलं याच उत्सवातली आहेत असं धरून बैठक घेऊ नये. मोहरम, उरूस, नाताळ, आंबेडकर जयंती, यांची पाळी आली की त्या त्या घरच्या मुलाला तितकाच वेळ द्या, आणि त्याला बोलायचं नसेल तर भरीला घालू नका. एखाद्या मुलाला आपल्या अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी करणं हाही एक जाचच.

१२ जानेवारीला इतिहासवाली मुलं हुतात्मा चौकात जातात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३१ साली याच दिवशी येरवड्याला चौघांना फाशी झाली. नावं मोठ्यानं वाचायचं काम दरवर्षी त्या वर्षी नवीन आलेल्या चार मुलांकडं असतं.

शिक्षक कुठून आणायचे? आधीच निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं...

खरं आहे. यावर माझ्याकडं गोड उत्तर नाही. एका शिक्षकाकडं एकच मंडळ द्या, आणि ते त्याच्या आवडीचं असू द्या. गणिताच्या सरांना बागेची आवड असेल तर बाग द्या. अकरावीची मुलं खालच्या वर्गांचं बरंच सांभाळतात. अहवाल लेखन, फोटो, इतिवृत्त हे कमीत कमी ठेवा. फोटोसाठी चालणारं मंडळ दोन महिन्यांत कळतं: सगळे एका बाजूला तोंड करून बसलेले असतात.

जमतंय की नाही हे कसं ओळखायचं?

ऑक्टोबरमध्ये, सत्र परीक्षेच्या आधी, प्रत्येक वर्गशिक्षकानं एक यादी करावी: कुठल्याच मंडळात नाव नसलेली मुलं, आणि नाव आहे पण तीनदा आली नाहीत ती. ही यादी फलकावर लावायची नाही. तिच्यातल्या प्रत्येक मुलाशी कुणीतरी एकानं पाच मिनिटं बोलायचं, रागवायला नाही, तर न येण्याचं कारण ऐकून घ्यायला. मागच्या खेपेला यातून कळलं की तिघी येत नव्हत्या कारण त्या खोलीशेजारचं मुलींचं स्वच्छतागृह बंद होतं. आम्ही मंडळाचे विषय बदलायच्या गोष्टी करत होतो.

दुसरी खूण मधल्या सुट्टीत दिसते. जुलैत पाण्याच्या टाकीजवळ किती जण एकटे उभे होते आणि आता किती.

सर, माझी मैत्रीण दुसऱ्या मंडळात गेली. मी एकटीच उरले. सोडून दिलं तर चालेल का?

चालेल. मंडळ सोडल्याची कुठं नोंद होत नाही, मार्क जात नाहीत. मैत्रिणीच्या मंडळात जायचं असेल तर चिठ्ठी लागत नाही, जाऊन बसायचं. पण खडूचा डबा तुझ्याकडं आहे, तो या बुधवारी आणून दे, आणि आलीसच तर तासभर थांब. आठवी ब मधली एक मुलगी सोमवारीच आलीये, तिलाही कुणी ओळखत नाही. डबा तिच्याकडं द्यायचा की तुझ्याकडंच ठेवायचा, ते तुम्ही दोघी ठरवा.